वातायनापासून वातानुकूलनापर्यंत : मुंबईच्या व्यापारी वास्तू आणि ऊर्जेच्या बचतीचा प्रश्न

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकाकडे जाणाऱ्या दादाभाई नवरोजी मार्गाच्या दुतर्फा ज्या जुन्या व्यापारी इमारती उभ्या आहेत, त्यांच्या बांधणीच्या शैली परस्परांहून बऱ्याच भिन्न आहेत. कोठे गॉथिक धाटणीची टोकदार कमान दिसते, कोठे अभिजात युरोपीय वळणाचे स्तंभ, तर कोठे हिंदी व इस्लामी अलंकरणाचे मिश्रण. तळमजल्यावर मात्र या साऱ्या इमारती एकाच शिस्तीने वागतात. पादचाऱ्याला कमानींखालून, डोक्यावर छप्पर घेऊन, रस्त्याचा बराचसा भाग चालून जाता येतो. ही शिस्त योगायोगाने आलेली नाही. हा रस्ता हॉर्नबी रोड या नावाने ओळखला जात असता, १८९६ साली सरकारने घालून दिलेल्या नियमानुसार तेथे बांधणाऱ्या प्रत्येक मालकाला तळमजल्याचा दर्शनी पट्टा कमानदार पदपथ म्हणून मोकळा ठेवावा लागला. त्या नियमात ऊर्जेचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. तथापि नगरातील व्यापारी वास्तू आणि उष्णता यांच्या संबंधाचा इतिहास पाहू जाता त्या नियमापाशी थांबावेच लागते. कारण इमारतीने कोणाला थंडावा द्यावयाचा, या प्रश्नाचे एक स्पष्ट उत्तर त्यात दिलेले होते.

'ऊर्जाकार्यक्षम इमारत' हा शब्दप्रयोग अलीकडचा आहे. कमी वीज वापरून तेवढीच सोय देणारी इमारत, असा त्याचा अर्थ केला जातो. या अर्थातील 'कमी' हे विशेषण सापेक्ष आहे, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. कशाहून कमी, याचे उत्तर प्रत्येक काळाने निराळे दिले असून मुंबईच्या व्यापारी वास्तूंचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशी या बदलत्या तुलनेचा इतिहास होय.

आरंभी काही शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. संस्कृतात खिडकीला 'वातायन' म्हणत. वात म्हणजे वारा, अयन म्हणजे मार्ग. इंग्रजीतील खिडकीवाचक शब्दही उत्तर युरोपातील प्राचीन भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असा आहे. मराठीतील 'खिडकी'चे नाते प्राकृतातील लहान दार दर्शविणाऱ्या 'खडक्की' या शब्दाशी जोडले जाते, तर गोमंतकात व कोकणपट्टीच्या काही भागांत रूढ असलेला 'जनेल' हा पोर्तुगीज शब्दही मूळ लॅटिनमध्ये 'लहान दार' याच अर्थाचा होता. हे चारही शब्द उघड्या जागेचे वाचक आहेत. त्या जागेत बसविलेल्या काचेला मराठीने जो शब्द घेतला तो मात्र निराळ्या घराण्याचा आहे. 'तावदान' हा शब्द फार्सीतून आला, आणि त्यातील 'ताब' या पदाला तेज आणि ताप असे दोन्ही अर्थ आहेत. वारा ज्यातून येतो ते वातायन आणि प्रकाशासह ताप ज्यातून येतो ते तावदान, हा भेद पुढील विवेचनात ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

मुंबईच्या हवामानाची एक अडचण आहे. हे नगर उष्ण आणि दमट आहे. देशावरील वाड्याच्या जाड मातीच्या भिंती दिवसाचे ऊन पिऊन ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात ते सोडून देतात; परंतु मुंबईत मे महिन्यातही दिवसाचे कमाल व रात्रीचे किमान तापमान यांत सरासरी सहा-सात अंशांचाच फरक असल्याने निव्वळ जाड भिंतीचा उपयोग मर्यादित होतो. येथे शरीराला विसावा मिळतो तो घाम वाळल्याने, म्हणजे वाहत्या वाऱ्याने. हा वारा दुपारनंतर समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. अडचण अशी की, दुपारनंतरचे तिरपे, सर्वांत त्रासदायक ऊनही पश्चिमेकडूनच येते. एकाच दिशेने येणाऱ्या या दोन पाहुण्यांपैकी एकाला आत घ्यावयाचे आणि दुसऱ्याला दाराबाहेर ठेवावयाचे, ही मुंबईच्या वास्तुकाराची खरी कसोटी होय. वरच्या आडव्या छज्जाने डोक्यावरचे ऊन अडते. मावळतीकडे झुकलेले ऊन त्याच्या खालून सरळ आत शिरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कसोटीला जे उत्तर सापडले ते खोल व्हरांड्याचे. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाच्या व्यापारात आलेला पैसा आणि १८६९ मध्ये खुला झालेला सुएझचा कालवा यांनी नगराच्या विस्ताराला बळ दिले. ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उभे राहिलेले सचिवालय (१८७४) व उच्च न्यायालय (१८७८) ही तेव्हा पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून होती. या सरकारी इमारतींचा कित्ता व्यापारी बांधकामाने आपल्या परीने गिरविला. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी सांगाडे जहाजाने आणून काळा घोडा येथे उभारलेले आणि १८७१ मध्ये सुरू झालेले वॉटसन्स हॉटेल हे याचे लक्षणीय उदाहरण आहे. सांगाडा परका, धातू उन्हात तापणारा. पण त्याच्याभोवती मजल्यामजल्याला मोकळे सज्जे होते. पुढे ही इमारत एस्प्लनेड मॅन्शन झाली आणि वकिलांच्या कचेऱ्यांनी भरून गेली, तेव्हाही ते सज्जेच तिचा मोठा आधार राहिले. २०१९ मध्ये मोडकळीस आलेली ती इमारत रिकामी करण्यात आली.

व्हरांडा या शब्दाचे मूळ पोर्तुगीज की भारतीय, हा वाद जुना आहे आणि तो येथे मिटविण्याची गरज नाही. महत्त्वाची गोष्ट त्याचे कार्य. खोल व्हरांडा पश्चिमेचे ऊन आतल्या भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही आणि वारा अडवीत नाही. त्यामागे तिरप्या फळ्यांची झडपे, झडपांवर हवा जाण्यासाठी झरोका, उंच छत, आणि समोरासमोर उघडणारी दारे. एवढ्या सामग्रीवर कचेरीचा कारभार चालत असे. हॉर्नबी रोड उत्तर-दक्षिण जात असल्याने तेथील निम्म्या इमारतींची तोंडे पश्चिमेकडे आहेत. कमानींचा नियम पादचाऱ्याला जितका हितकर होता, तितकाच तो कमानींमागील दुकानाच्या दर्शनी भिंतीलाही होता. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातील मातीने भरणी करून पोर्ट ट्रस्टने वसविलेल्या आणि जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली बांधल्या गेलेल्या बॅलार्ड इस्टेटीत दर्शनी भाग अधिक सपाट, अधिक युरोपीय झाला. कारण या वेळेपर्यंत एक नवे साधन हाताशी आले होते.

ते साधन म्हणजे वीज. १९०५ मध्ये विद्युतपुरवठा व ट्रामवे कंपनीने मुंबईत वीज द्यावयास आरंभ केला; १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. त्यापूर्वी मोठ्या कचेऱ्यांत छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने हलविला जाई आणि दारांना लावलेल्या वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडले जाई. कोरड्या मुलखात वाळ्याने जितका गारवा येतो तितका मुंबईच्या दमट हवेत येत नाही, हे वेगळे. पंखा ओढणारा मनुष्य सहसा भिंतीपलीकडे, व्हरांड्यात बसे. जुनी कचेरी ऊर्जेवाचून चाले असे जे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते, ते या मनुष्यापुरते तरी खरे नाही. त्याच्या श्रमाची मोजणी कोणत्याही युनिटात झालेली नाही, इतकेच. विजेच्या पंख्याने त्याची जागा घेतली, आणि हे साधन व्हरांड्याचे शत्रू नव्हे, पूरक ठरले. पंखा खोलीची हवा थंड करीत नाही, फक्त हलवितो. म्हणून ऊन बाहेर ठेवण्याची जबाबदारी इमारतीवरच राहिली. १९३० नंतर बॅकबेच्या भरणीवर आणि फोर्टात ज्या आर्ट डेको शैलीच्या इमारती झाल्या, त्यांच्या खिडक्यांवर भुवईसारखे पुढे आलेले छज्जे सौंदर्यासाठी जितके, तितकेच उन्हापावसासाठी होते.

वातानुकूलनाचा उगम माणसाच्या सुखासाठी झालेला नाही, हे सांगितल्यास आश्चर्य वाटेल. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. कारण दमट हवेत कागद आकुंचन-प्रसरण पावे आणि रंगांचे ठसे एकावर एक नेमके बसत नसत. पुढे चित्रपटगृहांनी ती उचलली आणि १९२८ मध्ये टेक्सासातील सॅन अँटोनियो येथे मायलम बिल्डिंग ही संपूर्ण वातानुकूलित उंच कचेरी-इमारत उभी राहिली. मुंबईत १९३३ साली उघडलेल्या रीगल चित्रपटगृहाने प्रेक्षकांना ही चैन दाखविली. 'वातानुकूलन' हा पुढे घडविलेला मराठी-हिंदी पारिभाषिक शब्द फार बोलका आहे. वातायनात वारा आपल्या इच्छेने येत होता. येथे तो माणसाला अनुकूल करून घेतला जातो. यंत्राची शक्ती मोजताना आजही 'टन' हे माप वापरतात. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता असा त्याचा अर्थ. बर्फाचा व्यापार गेला, त्याची आठवण मापात राहिली.

या यंत्राने वास्तुकाराच्या डोक्यावरचे ओझे उतरविले. परंतु त्याबरोबर त्याची कसोटीही संपली. वारा हवाच असे नाही म्हटल्यावर खिडकी उघडण्याचे कारण राहिले नाही. ऊन यंत्र काढून टाकील म्हटल्यावर ते अडविण्याची निकड राहिली नाही. मजल्याची खोली पूर्वी खिडकीतून येणाऱ्या उजेडाने व वाऱ्याने ठरत असे. ती आता वाटेल तितकी वाढविता येऊ लागली, आणि मध्यभागी बसणाऱ्यांसाठी भर दुपारी दिवे लागू लागले. दिवे उष्णता देतात, ती काढण्यासाठी यंत्राला अधिक वीज लागते. एका सोयीच्या पोटी दुसरा खर्च असा जन्माला येतो.

दुसरी वाट नव्हतीच, असे मात्र नाही. अहमदाबादेत ल कॉर्बुझिए यांनी गिरणीमालकांच्या संघटनेसाठी बांधलेली इमारत १९५४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पश्चिमेच्या बाजूस काँक्रीटच्या उभ्या पडद्या तिरप्या लावलेल्या आहेत, त्या ऊन अडवितात आणि वारा येऊ देतात. पूर्वेच्या पडद्या सरळ आहेत, कारण तेथे ऊन निराळे आहे. वातायनाचे तत्त्व आधुनिक काँक्रीटमध्ये सांगता येते, याचा हा पुरावा होता. मुंबईने तो फारसा मानला नाही. नरिमन पॉइंटच्या भरणीवर १९७० नंतर एक्स्प्रेस टॉवर्स (१९७२), एअर इंडियाची इमारत (१९७४) अशी उंच कार्यालये उभी राहिली आणि यंत्राच्या भरवशावर चालणारी कचेरी हेच प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. १९७३ च्या तेलसंकटाने जगभर विजेच्या खर्चाची चर्चा सुरू झाली खरी, पण नरिमन पॉइंटचे भाडे इतके चढे होते की विजेचे बिल ही त्यापुढे किरकोळ बाब होती. १९९१ नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात व उपनगरांत काचेच्या भिंतींची लाट आली. काचेची बंद भिंत पश्चिमेचे ऊन आत घेते आणि पश्चिमेचा वारा बाहेर ठेवते, म्हणजे व्हरांडा जे करीत होता त्याच्या नेमके उलट. ही संपूर्ण इमारतच तावदान झाली; वातायन तिच्यात उरले नाही. तिरीप डोळ्यांवर येते म्हणून आत पडदे ओढले जातात आणि पडद्यामागे दिवे लावले जातात, हे दृश्य या भागांत कोणत्याही दुपारी पाहावयास मिळते.

या पार्श्वभूमीवर कायदा आला. संसदेने २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन अधिनियम संमत केला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. मे २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर झाली. भिंत व छत यांतून किती उष्णता शिरावी, काच कशी असावी, दिवे व शीतयंत्रे किती वीज खावीत, यांच्या मर्यादा तिने आखून दिल्या. आरंभी ती ५०० किलोवॉट वा अधिक जोडभाराच्या इमारतींपुरती होती. २०१० च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० किलोवॉटवर आणली गेली. २०१७ च्या सुधारित संहितेने तीन पायऱ्या केल्या. रूढ पद्धतीच्या इमारतीहून सुमारे २५, ३५ आणि ५० टक्के बचत, अशा त्या पायऱ्या आहेत. संहिता राज्यांनी आपापल्या परीने लागू करावयाची असल्याने तिचा प्रसार सावकाश झाला. २०२२ च्या दुरुस्तीने तिची व्याप्ती निवासी इमारतींपर्यंत नेली.

यातून लाभ झाला नाही असे म्हणता येणार नाही. हैदराबादचे सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्र २००४ मध्ये सुरू झाले, तेव्हा जाळ्या, वायुमनोरे आणि अंगण ही जुनी साधने नव्या यंत्रांच्या जोडीला आली. त्याच नगरात इन्फोसिसने २०११ मध्ये केलेला प्रयोग अधिक उद्बोधक आहे. एका इमारतीचे दोन सारखे अर्ध केले. एका अर्धात नेहमीसारखी थंड हवा खेळविली, दुसऱ्यात काँक्रीटच्या लाद्यांतून थंड पाणी फिरविले. दुसऱ्या अर्धाला सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी लागली. मुंबईतही १९७२ च्या गोदरेज भवनाची २०१० मध्ये दुरुस्ती होऊन जुनी शीतयंत्रणा बदलली गेली, आणि त्यासाठी झालेला खर्च विजेच्या बचतीतून पाच वर्षांच्या आत भरून निघेल असा हिशेब मांडला गेला.

हा शेवटचा दाखला बोलका आहे तो एका निराळ्या कारणाने. तेथे मालक आणि वापरणारा एकच होता. ज्याने पैसे घातले त्याच्याच बिलात ते परत आले. बहुसंख्य व्यापारी इमारतींत असे नसते. बांधणारा विकून मोकळा होतो, मालक भाडे घेतो, आणि वीज भाडेकरू भरतो. जाड भिंतीचा, चांगल्या काचेचा खर्च एकाने करावयाचा आणि लाभ दुसऱ्याने घ्यावयाचा, अशा व्यवहारात कोणी पुढाकार घेत नाही. फोर्टातील जुन्या इमारतींत तर १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठविल्याने मालकाला दुरुस्तीचेही स्वारस्य उरले नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने बँका व मोठ्या कंपन्या यांना त्या संरक्षणातून वगळले. लहान भाडेकरू राहिले. मग प्रत्येकाने आपापला व्हरांडा बंद केला, त्याची खोली केली आणि तिच्या भिंतीला एक यंत्र लटकविले. ज्या इमारतींची घडण मुळातच ऊर्जा वाचविणारी होती, त्या अशा रीतीने खोली-खोलीने खर्चिक झाल्या. याचा दोष भाडेकरूच्या चैनीला देणे अन्यायाचे होईल. खाली वाहनांचा धूर व गोंगाट वाढलेला असता झडपे उघडी ठेवा असे त्याला कोण सांगणार?

आता तुलनेच्या मूळ प्रश्नाकडे येता येईल. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्यूरोने कार्यालयीन इमारतींना तारे देण्याची योजना सुरू केली. दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट वीज खर्च होते, यावर तारे ठरतात. या योजनेत उष्ण-दमट प्रदेशासाठी, म्हणजे मुंबईसाठीही, दोन स्वतंत्र कोष्टके होती. निम्म्याहून अधिक क्षेत्र वातानुकूलित असलेल्या इमारतीस १०० युनिटांच्या खाली राहिल्यास पाच तारे. निम्म्याहून कमी वातानुकूलित असलेल्या इमारतीस ७५ ते ८५ युनिट खर्च झाल्यास एक तारा. ही कोष्टके शेजारी ठेवून वाचली असता दिसते की, ९५ युनिट खाणारी पहिली इमारत सर्वोत्तम ठरते आणि ८० युनिट खाणारी दुसरी जेमतेम उत्तीर्ण होते. सारख्यांची सारख्यांशी तुलना करावी हे तत्त्व योग्यच. दोन्ही इमारतींतील सुखाची पातळी एक नाही, हेही मान्य. परंतु या मोजणीत यंत्राचा आश्रय घ्यावयाचा की नाही हा निर्णयच तुलनेबाहेर राहतो, आणि वस्तुतः सर्वांत अधिक वीज त्या निर्णयात दडलेली असते. मराठीत 'काटकसर' आणि 'कार्यक्षमता' हे दोन शब्द आहेत, आणि ते समानार्थी नाहीत. तारे कार्यक्षमतेला मिळतात.

सुखाची पातळी म्हणजे तरी काय, याविषयीही अलीकडे फेरविचार झाला आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय कार्यालयांत पाहणी करून २०१४ मध्ये जे प्रतिमान मांडले, त्यातून असे दिसले की, बाहेरच्या ऋतूनुसार माणसाची सहनशीलता बदलते आणि परदेशी प्रमाणांनी ठरविलेल्या अरुंद पट्ट्याहून भारतीय कर्मचाऱ्याची सुखमर्यादा बरीच रुंद आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने या विचाराला स्थान दिले. १ जानेवारी २०२० पासून खोलीतील वातानुकूलन यंत्रे २४ अंशांवर लावूनच बाजारात यावीत असा दंडक झाला. वरून पाहता हा लहानसा बदल आहे. पण उन्हाळ्यातही शाल पांघरून बसणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने तो लहान नाही.

एक हिशेब मात्र कोणत्याच कोष्टकात येत नाही. वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ती आतून काढून बाहेर टाकते आणि ते काम करताना स्वतःची थोडी भर घालते. 'बाहेर' म्हणजे रस्ता. दादाभाई नवरोजी मार्गावरील ज्या इमारतींना १८९६ च्या नियमाने पादचाऱ्यासाठी सावली धरावयास लावले, त्यांच्यापैकी अनेकींच्या मागच्या-पुढच्या भिंतींवर आज यंत्रांच्या पेट्या टांगलेल्या आहेत. कमानींखाली फेरीवाले बसतात, टर्मिनसवरून कचेरीकडे निघालेले लोक त्यांच्यातून वाट काढतात, पावसाळ्यात तेथेच थांबतात. त्या सावलीची युनिटांत किंमत मांडण्याची तरतूद २००७ च्या संहितेत नव्हती आणि २००९ च्या तारांकनातही नव्हती.